मनाचे दुखणे कोण विचारणार?

परभणी तालुक्यातील पेडगावात रविवारची वंदना आटोपली होती. त्रिसरण-पंचशील झाले, लहान मुले खाऊ घेऊन पळाली, बाया पदर सावरून उठण्याच्या बेतात होत्या. तेवढ्यात वस्तीतलीच एक मुलगी पुढे आली. मानसशास्त्र विषय घेऊन एम. ए. करणारी. हातात कागदांचा गठ्ठा. म्हणाली, "आजी, मावशी, जरा बसता का? मला काही विचारायचे आहे. कुणाचे नाव लिहून घेणार नाही. नको वाटले तर उत्तर देऊ नका."

आम्हीही बसलो. मुलीने पहिला प्रश्न वाचला. गेल्या दोन आठवड्यांत कामात रस किंवा आनंद वाटत नाही, असे किती दिवस झाले?

बाया एकमेकींकडे पाहू लागल्या. एक वयस्क आजी म्हणाली, "रस उसाचा असतो माय. अन् आनंद म्हणशील तर भीमजयंतीला होतो, बुद्धपौर्णिमेला होतो. रोजच्या निंदण्या-खुरपण्यात कशाचा आला आनंद?"

सगळ्या हसल्या. मुलगीही हसली. मग तिने कागद खाली ठेवला आणि विचारले, "बरं आजी, तुमचा जीव कशातच लागत नाही, असं होतं का?"

आजीचे हसू मावळले. "व्हय. नातू परभणीला कामाला जातो. दिवस मावळला अन् तो आला नाही, की जीव थाऱ्यावर राहत नाही. डोस्क्यात मुंग्या येतात. भाकर गळ्याखाली उतरत नाही. परभणीचं ते झाल्यापासून असंच हाय."

प्रश्न तोच होता, फक्त शब्द बदलले होते. पहिल्या शब्दांना हसणे मिळाले, दुसऱ्या शब्दांना खरे उत्तर मिळाले. हा लेख त्या दोन शब्दांमधल्या अंतराविषयी आहे.

भिंगे नसलेली प्रयोगशाळा

प्रयोगशाळा म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे काचेच्या नळ्या आणि सूक्ष्मदर्शक यंत्र येते. मनाच्या अभ्यासाची प्रयोगशाळा तशी नसते. एक प्राध्यापक आणि त्यांच्या हाताखाली शिकणारे पाच-दहा विद्यार्थी, एवढीच ती. अमेरिकेतील अनेक विद्यापीठांत असे गट आहेत. वेगवेगळ्या वंशांच्या, भाषांच्या आणि धर्मांच्या माणसांची मानसिक दुखणी कशी वेगळी असतात, त्यांना उपचार का मिळत नाहीत, मिळाले तर लागू का पडत नाहीत, याचा ते अभ्यास करतात. तेथे काळी मुले, स्पॅनिश बोलणाऱ्या घरांतली मुले, आशियातून गेलेल्या कुटुंबांची मुले स्वतःच संशोधक असतात. आपल्याच लोकांच्या दारात जाऊन, आपल्याच बोलीत ती विचारपूस करतात.

आमच्या या मुलीच्या गटाचेही तसेच आहे. तिच्यासोबत एक बंजारा मुलगा आहे, तो तांड्यावर गोरमाटीत विचारतो. एक मुस्लिम मुलगी आहे, ती मोहल्ल्यात दखनीत विचारते. तिघांच्या हातातला कागद एकच. पण तिघांना तो आपापल्या बोलीत पुन्हा घडवावा लागतो.

या कागदाची कुळकथा सांगण्यासारखी आहे. नऊ प्रश्नांची ही यादी १९९९ च्या सुमारास अमेरिकेत तयार झाली आणि आज जगभर वापरली जाते. कामात मन लागणे, उदासी, झोप, थकवा, भूक, स्वतःविषयीचे वाईट विचार, लक्ष न लागणे, हालचालीतला मंदपणा किंवा तगमग, आणि शेवटी मरणाचे विचार, असे ते नऊ प्रश्न. प्रत्येक उत्तराला शून्य ते तीन गुण. एकूण २७. बेरीज दहा किंवा त्याहून अधिक झाली तर त्या माणसाला डॉक्टरांनी नीट तपासावे, असा संकेत आहे. बेरीज म्हणजे रोगाचा शिक्का नव्हे, हे लक्षात ठेवले पाहिजे. ती फक्त दार ठोठावते.

असा कागद एका भाषेतून दुसऱ्या भाषेत आणण्याची रीत ठरलेली आहे. आधी एकजण भाषांतर करतो. मग मूळ कागद न पाहिलेला दुसरा माणूस ते उलट मूळ भाषेत नेतो. दोन्ही शेजारी ठेवले की अर्थ कोठे निसटला ते कळते. त्यानंतर तो थोड्या लोकांना वाचून दाखवायचा आणि तुम्हाला काय समजले, असे विचारायचे. पेडगावच्या आजीने उसाच्या रसाचे उत्तर दिले, ते या शेवटच्या पायरीवरचे मोलाचे काम होते. पुस्तकी मराठी ही परभणीच्या रानातल्या बाईची बोली नव्हे. ती "मला नैराश्य आले आहे" असे कधी म्हणणार नाही. ती म्हणेल, छातीवर धोंडा ठेवल्यावानी वाटतं, हातापायांची आग होते, धसका बसला, करमत नाही. दवाखान्यात ती हातापायांची आग सांगते, ताकदीची सुई घेते आणि घरी येते. मनाचे दुखणे मनातच राहते.

नवव्या प्रश्नाला मात्र फार जपावे लागते. कुणी होय म्हटले तर नुसती खूण करून पुढच्या घरी जाता येत नाही. त्या माणसाजवळ बसावे लागते, त्याला एकटे न सोडता त्याच दिवशी डॉक्टरांपर्यंत न्यावे लागते.

बाबासाहेबांच्या विद्यापीठातले दोन विद्यार्थी

आपल्या वाचकांना कोलंबिया विद्यापीठाचे नाव नवे नाही. १९१३ ते १९१६ या काळात बाबासाहेब न्यूयॉर्कच्या त्या विद्यापीठात शिकले. त्याच विद्यापीठातून १९४० मध्ये केनेथ क्लार्क आणि १९४३ मध्ये त्यांच्या पत्नी मॅमी क्लार्क यांनी मानसशास्त्रात डॉक्टरेट मिळवली. तेथे त्या विषयात डॉक्टरेट मिळवणारी ही पहिली दोन काळी माणसे. दोघेही आधी हॉवर्ड या काळ्या विद्यार्थ्यांच्या विद्यापीठात शिकले होते. तेथील त्यांचे गुरू फ्रान्सिस सम्नर हे १९२० मध्ये मानसशास्त्रात डॉक्टरेट मिळवणारे अमेरिकेतील पहिले काळे गृहस्थ. एकाने वाट पाडली, दोघे त्या वाटेने गेले.

मॅमी हॉवर्डमध्ये विद्यार्थिनी असतानाच त्यांनी प्रबंधासाठी विषय घेतला, काळ्या मुलांना आपण काळे आहोत ही जाणीव केव्हा आणि कशी होते? त्यातूनच पुढे बाहुल्यांचा प्रयोग उभा राहिला. तीन ते सात वर्षांच्या २५३ काळ्या मुलांपुढे चार बाहुल्या ठेवल्या. दोन गोऱ्या, दोन सावळ्या, बाकी सारख्याच. खेळायला कोणती आवडेल? चांगली कोणती? वाईट कोणती दिसते? तुझ्यासारखी कोणती? सुमारे दोन तृतीयांश मुलांनी खेळायला गोरी बाहुली मागितली. निम्म्याहून अधिक मुलांनी सावळी बाहुली वाईट दिसते असे सांगितले. आणि मग "तुझ्यासारखी कोणती?" असे विचारल्यावर काही लेकरे रडू लागली, काही खोलीतून पळाली. हे निष्कर्ष १९४७ मध्ये प्रसिद्ध झाले.

१७ मे १९५४ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने काळ्या-गोऱ्यांच्या वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरवल्या. वेगळे काढल्याने मुलांच्या मनात कमीपणाची भावना रुजते, असे न्यायालयाने म्हटले आणि त्याला आधार म्हणून ज्या संशोधनाचा उल्लेख केला त्यात क्लार्क यांचे काम होते. एका विद्यार्थिनीने प्रबंधासाठी घेतलेला विषय देशाच्या न्यायालयापर्यंत पोहोचला.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. उत्तरेकडच्या एकत्र शाळांतल्या काळ्या मुलांनीही गोरी बाहुलीच पसंत केली होती. म्हणजे एका वर्गात बसवले की मनातली जखम आपोआप भरते, असे नाही. क्लार्क पतिपत्नींना हे कळत होते. म्हणूनच १९४६ मध्ये त्यांनी न्यूयॉर्कच्या हार्लेम या काळ्या वस्तीत मुलांसाठी मनाचा दवाखाना काढला.

पुढे १९७७ मध्ये स्टॅन्ली स्यू या चिनी वंशाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने सिॲटल भागातील १७ मानसोपचार केंद्रांमधील सुमारे १४ हजार रुग्णांच्या नोंदींवरून एक गोष्ट दाखवून दिली. गोऱ्या रुग्णांपैकी सुमारे ३० टक्के लोक पहिल्या भेटीनंतर परत आले नाहीत. अल्पसंख्य समाजांतील रुग्णांचे हे प्रमाण जवळजवळ निम्मे होते. दवाखाना होता, डॉक्टर होता, पण समोरच्याला आपले दुःख कळत नाही असे वाटले की माणूस दुसऱ्यांदा पायरी चढत नाही. आपल्या बाया दवाखान्यातून नुसती सुई घेऊन परत येतात, त्याचे कारण यात शोधता येईल.

जात उच्चारली आणि गणित चुकले

आपल्याकडे काय आहे? कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे या दोन संशोधकांनी उत्तर प्रदेशातील खेड्यांत सहावी-सातवीच्या ६४२ मुलांवर एक प्रयोग केला. त्यात ३२१ मुले वरच्या मानलेल्या जातींची, ३२१ आपल्यासारख्या जातींची. मुलांना कागदावरची वाट शोधण्याची कोडी दिली. जात कुणी उच्चारली नाही तेव्हा दोन्ही गटांच्या मुलांनी जवळजवळ सारखीच कोडी सोडवली. मग दुसऱ्या मुलांच्या बाबतीत कोडी देण्याआधी सर्वांसमोर प्रत्येकाचे नाव, गाव, बापाचे नाव, आजोबाचे नाव आणि जात मोठ्याने वाचली. त्याबरोबर दलित मुलांची सोडवलेली कोडी वीस टक्क्यांहून अधिक घटली.

डोके तेच, हात तोच, कागद तोच. फक्त जात उच्चारली गेली. शाळेत मास्तरांनी "शिष्यवृत्तीवाले उभे राहा" म्हटल्यावर आपल्या लेकराच्या छातीत काय होत असेल, त्याचे हे माप आहे. "आमचं पोरगं हुशार होतं, मोठ्या शाळेत गेल्यावर बिघडलं" असे म्हणणाऱ्या आईबापांनी हा प्रयोग ध्यानात ठेवावा.

मोठ्या शिक्षणसंस्थांत गेलेली आपली मुले आपण गमावली आहेत. १७ जानेवारी २०१६ रोजी हैदराबादेत रोहित वेमुला गेला. २२ मे २०१९ रोजी मुंबईत डॉ. पायल तडवी ही आदिवासी लेक गेली. १२ फेब्रुवारी २०२३ रोजी मुंबईच्या आय. आय. टी. मध्ये दर्शन सोळंकी गेला. रोहितची आई राधिकाताई आणि पायलची आई आबेदाताई या दोन मायांनी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचे दार ठोठावले. उच्च शिक्षणसंस्थांत जातिभेद रोखण्याचे नियम नुसते कागदावर राहू नयेत, ही त्यांची मागणी. मार्च २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली आय. आय. टी. मधील विद्यार्थ्यांच्या मृत्यूच्या प्रकरणात निवृत्त न्यायमूर्ती रवींद्र भट यांच्या अध्यक्षतेखाली विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याविषयी राष्ट्रीय कृतिदल नेमले.

अशा वेळी काही लोक म्हणतात, मुलगा मनाने कमकुवत होता. आम्हास हे मान्य नाही. भगवंतांनी दोन बाणांची उपमा दिली आहे. पहिला बाण लागला की वेदना होते, आणि त्या वेदनेवर आपण शोक करीत बसतो तो दुसरा बाण. दुसरा बाण टाळण्यास मनाला शिकवता येते, हे खरे. पण म्हणून पहिला बाण कोणी मारला हे विचारायचेच नाही काय? 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी दुःखाचा अर्थ माणसाने माणसावर केलेल्या अन्यायाशी जोडला, तो याचसाठी. जखम बांधणारा हवा आणि बाण मारणाऱ्याचा हात धरणाराही हवा.

आजीची भीती आजार आहे काय?

आता पेडगावच्या आजीकडे परत येऊ. "परभणीचं ते झाल्यापासून" असे ती म्हणाली. ते काय, हे या जिल्ह्यात कुणाला सांगावे लागत नाही. १० डिसेंबर २०२४ रोजी परभणीत बाबासाहेबांच्या पुतळ्यासमोरील संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. दुसऱ्या दिवशी शहर पेटले, धरपकड झाली. १५ डिसेंबरला सोमनाथ सूर्यवंशी हा कायद्याचा विद्यार्थी न्यायालयीन कोठडीत असताना मरण पावला.

त्या मुलीच्या कागदावर आजीचे गुण दहाच्या पुढे गेले. झोप नाही, भूक नाही, मन थाऱ्यावर नाही. कागद म्हणतो, डॉक्टरांना दाखवा. पण आजीची भीती खोटी आहे काय? जवान नातू शहरात आहे आणि शहरात काय घडले ते तिने ऐकले आहे. हा आजार की शहाणपण? या प्रश्नाला कागदावर रकाना नाही.

मुलीने आम्हाला सांगितले की तिचा अभ्यास येथेच अडला. गटात तिघांनी यावर बराच वाद घातला. बंजारा मुलगा म्हणाला, ऊसतोडीला गेलेल्या आईबापांची लेकरे तांड्यावर रात्र-रात्र जागतात, त्यांना आजारी म्हणायचे काय? शेवटी तिघांनी मिळून ठरवले की नऊ प्रश्नांनंतर कागदावर मोकळी जागा सोडायची. त्यात माणूस आपल्या दुखण्याचे कारण आपल्या शब्दांत सांगेल आणि विद्यार्थी ते जसेच्या तसे लिहून घेईल. आजीला औषधाची गरज असेल तर तिला ते मिळाले पाहिजे, कारण भीती खरी असली तरी झोपेवाचून शरीर झिजतेच. पण तिच्या कारणाची नोंदही झाली पाहिजे. नाहीतर उद्या अहवालात एवढेच येईल की अमुक वस्तीतल्या बाया उदास असतात.

ही मोकळी जागा सोडण्याचे एखाद्या परक्याला सुचले असते काय? कदाचित सुचले असते. पण या मुलीला ते सुचले, कारण ती त्याच वस्तीत झोपते.

गावात काय मिळते?

२०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात देशातील सुमारे १०.६ टक्के प्रौढांना कोणता ना कोणता मानसिक आजार आढळला. त्यांच्यापैकी उपचार न मिळालेल्यांचे प्रमाण आजारानुसार ७० ते ९२ टक्के होते. म्हणजे शंभरातील फार तर तीस जणांना उपचार मिळत होते.

हे चित्र बदलता येते. अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत गावातल्याच माणसांना शिकवून समुपदेशनाचे काम दिले. दीड वर्षात नैराश्यासाठी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. त्यासाठी मोठा दवाखाना बांधावा लागला नाही. आपल्या राज्य शासनानेही २०१५ मध्ये शेतकरी आत्महत्याग्रस्त १४ जिल्ह्यांसाठी प्रेरणा प्रकल्प आणला. त्यात मराठवाड्याचे जिल्हे होते आणि घरोघरी जाण्याचे काम आशाताईंकडे होते.

आज प्रत्येक घरात माहीत असावे असे एवढे:

जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभागाची चौकशी करावी. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने सरकारी दवाखान्यात मानसिक उपचार मिळणे हा नागरिकाचा हक्क केला आहे.

१४४१६ हा टेली-मानसचा फोन क्रमांक आहे. ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. पैसे लागत नाहीत, रात्रंदिवस चालतो, मराठीत बोलता येते.

भगत, देवऋषी, अंगारा-धुपारा यांच्या नादी लागू नये. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरातही बाळंतीण बाई गप्प बसू लागली की "बाहेरचं झालंय" म्हणणारे असतात. तिला आधाराची, विश्रांतीची आणि डॉक्टरांची गरज असते.

आणि कुणी संशोधक दारात आला तर घाबरू नये, पण भोळेपणाही करू नये. कोणत्या महाविद्यालयातून आलात? मार्गदर्शक कोण? माझे नाव कुठे येणार काय? मधेच थांबले तर चालेल काय? एवढे विचारण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे. त्याच्या संस्थेच्या नीतिविषयक समितीची परवानगी आहे काय, हेही विचारावे.

लेकीला हा विषय घेऊ द्या

आपली मुले शिक्षक झाली, इंजिनिअर झाली, वकील झाली, साहेब झाली. याचा आम्हाला अभिमान आहे. पण मानसशास्त्राचे नाव काढले की घरात प्रश्न येतो, "त्यानं नोकरी लागती का? येड्यांचा डॉक्टर होऊन काय करणार?" बंधू-भगिनींनो, मनाचे दुखणे विचारणारे आपल्यातले कुणी नसतील, तर आपल्याला न ओळखणारे लोक आपल्याविषयी लिहीत राहतील.

रुग्णांवर मानसोपचार करण्यासाठी नुसते एम. ए. पुरत नाही. चिकित्सा मानसशास्त्राचे वेगळे प्रशिक्षण लागते. संस्थेत पैसे भरण्याआधी त्या अभ्यासक्रमाला भारतीय पुनर्वसन परिषदेची मान्यता आहे की नाही, हे पाहूनच प्रवेश घ्यावा. पुढे संशोधन करायचे तर अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी पुण्याची बार्टी ही संस्था अधिछात्रवृत्ती देते. त्यात दिरंगाई झाली म्हणून आपल्या मुलांना आंदोलनेही करावी लागली आहेत. तेव्हा अर्ज वेळेत करावा आणि पाठपुरावा सोडू नये. परदेशी शिकण्यासाठी समाजकल्याण विभागाची राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती आहे.

त्या रविवारी विहारातून उठताना आजीने मुलीचा हात धरला. म्हणाली, "पोरी, मागंबी एक जण आला व्हता. लई लिहून नेलं. पुन्हा तोंड दावलं नाही. तू जे लिहिलंस ते मला वाचून दाखवशील का?"

मुलगी म्हणाली, "दाखवीन आजी. आधी तुमच्यासंग दवाखान्यात येते. मंगळवारी सकाळी तयार राहा."

मंगळवारी त्या दोघी परभणीच्या दवाखान्यात जाऊन आल्या. डॉक्टरांनी आजीला औषध दिले आणि पंधरा दिवसांनी पुन्हा बोलावले. दुसऱ्या खेपेला आजी कुणाला न सांगता एकटीच गेली, असे आम्हाला कळले. कागदावरच्या मोकळ्या जागेत तिने सांगितलेले शब्द तसेच आहेत. अभ्यास पुरा झाल्यावर ते विहारातच वाचून दाखवायचे, असे तिन्ही विद्यार्थ्यांनी ठरवले आहे. त्या दिवशी आम्हीही हजर राहणार आहोत.

जय भीम!